मड तपासणीचं नवं उपकरण काढायचंय? मग आधी जुनी का टिकली ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमची कंपनी औद्योगिक मोजमापाची उपकरणं बनवते. आता तेल-वायूच्या विहिरी खोदताना वापरतात त्या ड्रिलिंग फ्लुइडसाठी, म्हणजे रिगवरच्या (विहीर खोदणाऱ्या यंत्रसंचावरच्या) भाषेत मडसाठी, ‘सगळं एकात’ असं स्वयंचलित उपकरण काढायचं घाटतंय. चौकशी केल्यावर तुम्हाला दिसलं की रिगवर अजून नरसाळं, तराजू आणि हाताने गिअर बदलायचा व्हिस्कोमीटर (द्रवाचा दाटपणा, म्हणजे व्हिस्कॉसिटी मोजणारं यंत्र) चालतो. म्हणून तुम्ही विचारलंत की इतकी जुनी उपकरणं अजून का टिकून आहेत, त्यांच्या जागी कोणता सेन्सर घ्यावा आणि किती अचूकता पुरेल.

मी आधी रिगवर मड इंजिनिअर होतो, नंतर अशी उपकरणं पडताळून पाहणाऱ्या प्रयोगशाळेत आलो. दोन्हीकडचं पाहून सांगतो, सेन्सर हा यातला सोपा भाग आहे. अडचण दोन ठिकाणी येते. सेन्सरपाशी पोचेपर्यंत मडचं काय झालेलं असतं, ही पहिली. आणि निघालेल्या आकड्यावरून रिगवरचा माणूस नेमकं काय करणार आहे, ही दुसरी. मड उभा राहिला की घट्ट होतो, ढवळला की सैल होतो, तापला की बदलतो, हवा धरून ठेवतो आणि त्यातलं बॅराइट (वजन वाढवायला घातलेली जड खनिजाची पूड) संधी मिळेल तेव्हा तळाला बसतं. तेल किंवा रंग मोजणारी उपकरणं बनवल्याचा अनुभव इथे उपयोगी पडतो, पण अर्धाच.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. तुमचं उपकरण पाण्यावर आधारलेल्या मडसाठी आहे की तेलावर आधारलेल्या, केबिनमधल्या टेबलावर राहणार आहे की शेल शेकरशेजारी (वर आलेल्या मडमधून खडकाचे तुकडे गाळणाऱ्या हलत्या चाळणीशेजारी), उथळ विहिरीसाठी आहे की दीडशे अंश सेल्सिअसच्या वर तापणाऱ्या खोल विहिरीसाठी, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. यातल्या प्रत्येक उत्तराने आराखडा बदलतो. त्यामुळे मी खाली जे लिहितोय ते ‘हे घ्या’ असं नसून ‘हे आधी ठरवा’ अशा स्वरूपाचं आहे.

आता जुनी उपकरणं का टिकली ते पाहू. या क्षेत्रात प्रत्येक नवं उपकरण आलं ते आधीच्या आकड्याने कुठेतरी फसवलं म्हणून. आणि जुनं उपकरण गेलं नाही, कारण ज्या कामासाठी ते होतं ते काम संपलं नाही.

हॅलन मार्श यांनी १९३१ मध्ये मांडलेलं नरसाळं घ्या. जाळीपर्यंत १५०० मिलिलिटर मड मावतो, खालच्या नळीची लांबी २ इंच, भोक ३/१६ इंचाचं. बोट लावून भोक बंद करायचं, मड जाळीतून गाळत जाळीच्या बुडापर्यंत भरायचा, बोट काढायचं आणि एक क्वार्ट म्हणजे ९४६ मिलिलिटर मड खाली यायला किती सेकंद लागले ते सांगायचं. २१ अंशांच्या साध्या पाण्याला २६ सेकंद लागतात, अर्धा सेकंद इकडेतिकडे. ही व्हिस्कॉसिटी नव्हे. पातळी उतरत जाते तसा प्रवाहाचा वेग बदलतो, मड जड असेल तर तो स्वतःच्या वजनानेच लवकर वाहतो, आणि जेल धरणारा, म्हणजे स्थिर राहिला की गोठणारा, मड शेवटी शेवटी रेंगाळतो. हे सगळं एका आकड्यात मिसळलेलं असतं. तरीही सकाळपर्यंत ४५ सेकंद येणारा मड दुपारी ५८ वर गेला, तर टाक्यांवरचा माणूस कुणालाही न विचारता मड इंजिनिअरला हाक मारतो. वीज लागत नाही, पडलं तर फार तर पोचा येतो आणि दोन मिनिटांत उत्तर मिळतं. हा पहारेकरी आहे. त्याच्याशी स्पर्धा करायच्या भानगडीत पडू नका.

पहारेकऱ्याने हाक मारल्यावर प्रश्न येतो की बिघडलंय काय. तिथे नरसाळं गप्प बसतं आणि फिरत्या सिलिंडरचा व्हिस्कोमीटर बोलतो. सॅव्हिन्स आणि रोपर यांनी १९५४ मध्ये थेट वाचन देणाऱ्या व्हिस्कोमीटरवर निबंध मांडला. आज रिगवर दिसणारा फॅन ३५ आणि त्याचे सगळे भाऊबंद त्याच कल्पनेवर उभे आहेत. बाहेरचा रोटर फिरतो, आतला बॉब स्प्रिंगला टांगलेला असतो, मड त्याला ओढतो आणि डायल अंशांत वळते. रोटरची त्रिज्या १.८४१५ सेंटिमीटर, बॉबची १.७२४५ सेंटिमीटर. हे विचित्र आकडे उगाच आलेले नाहीत. या मापांमुळे आणि त्या विशिष्ट स्प्रिंगमुळे ६०० आरपीएमच्या वाचनातून ३०० चं वाचन वजा केलं की प्लास्टिक व्हिस्कॉसिटी (वाहत्या मडमधल्या घर्षणाचं माप) सरळ सेंटिपॉइजमध्ये मिळते. ३०० च्या वाचनातून ती प्लास्टिक व्हिस्कॉसिटी वजा केली की यील्ड पॉइंट (मड वाहता करायला लागणारा ताण) मिळतो, दर १०० चौरस फुटांमागे पौंडांत. दोन वजाबाक्या, बस्स. खिशातला कॅल्क्युलेटर नसलेल्या काळात केलेली ही रचना मला आजही या क्षेत्रातली सगळ्यात हुशार रचना वाटते, कारण गणित यंत्राच्या भूमितीत लपवलेलं आहे.

दोन मड घ्या. पहिल्याची वाचनं ६०० ला ६० आणि ३०० ला ४०. दुसऱ्याची ६० आणि ३२. दोघांचीही आभासी व्हिस्कॉसिटी, म्हणजे ६०० च्या वाचनाचं निम्मं, ३० सेंटिपॉइज, म्हणजे एका बिंदूवर मोजणाऱ्या उपकरणाला दोन्ही मड जुळे वाटतील. पण पहिल्याची प्लास्टिक व्हिस्कॉसिटी २० आणि यील्ड पॉइंट २०, तर दुसऱ्याची २८ आणि ४. पहिला मड कटिंग्ज (खोदताना निघालेले खडकाचे तुकडे) वर घेऊन येईल. दुसऱ्यात बहुधा बारीक घनकण साठलेत. तो पंपाचं प्रेशर वाढवेल आणि कटिंग्ज मात्र खालीच सोडेल. पहिल्याला काही करायचं नाही. दुसऱ्यासाठी सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून घनकण वेगळे करणारं यंत्र) लावा, पातळ करा, मग यील्ड पॉइंट वाढवा. तुमच्या उपकरणाने एकच ‘व्हिस्कॉसिटी’ दाखवली तर ती सहाव्या दशांशापर्यंत बरोबर असली तरी रिगवर तिचा उपयोग शून्य. कंपन करणाऱ्या दांड्याचे जे इनलाइन सेन्सर मिळतात त्यांची मर्यादा नेमकी हीच आहे. ते एकाच, आणि बहुधा फार चढ्या, कातर-दरावर (द्रवाचे थर एकमेकांवरून किती वेगाने सरकतात त्या दरावर) मोजतात.

आता अचूकतेबद्दल. ६०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०२२ इतका कातर-दर. ड्रिल पाइपच्या आतला वेगवान प्रवाह साधारण अशा दराचा असतो. पाइप आणि विहिरीची भिंत यांमधल्या पोकळीत, जिथून कटिंग्ज वर यायचे असतात, तिथे मड बराच सावकाश वाहतो. तिथलं वागणं ६ आणि ३ आरपीएमच्या वाचनांत दिसतं, म्हणजे सेकंदाला साधारण १० आणि ५. तिथे डायल ३ दाखवते की ४, यावर तिरप्या विहिरीत कटिंग्जचा थर साचणार की नाही हे ठरू शकतं. एका अंशाचा फरक म्हणजे तेहेतीस टक्क्यांचा फरक! नेहमीच्या स्प्रिंगला एक अंश वळवायला ३८६ डाइन-सेंटिमीटर टॉर्क लागतो, म्हणजे २ अंशांच्या वाचनाला न्यूटन-मीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. तुमचा टॉर्क सेन्सर तिथे बेअरिंगच्या घर्षणात बुडणार नाही ना, हे आधी पाहा. माहितीपत्रकावर ‘पूर्ण व्याप्तीच्या १ टक्का’ असं छापायची पद्धत आहे. ३०० अंशांच्या पूर्ण व्याप्तीचा १ टक्का म्हणजे ३ अंश. ज्या वाचनावर निर्णय अवलंबून आहे तेच वाचन त्या १ टक्क्यात अख्खं गडप होतं.

जेल स्ट्रेंग्थची, म्हणजे स्थिर मड किती घट्ट गोठतो त्या मापाची, कथा तर आणखी मजेदार आहे, आणि नवी उपकरणं इथेच सगळ्यात जास्त अडखळतात. पद्धत अशी: मड ६०० आरपीएमला १० सेकंद ढवळायचा, मग १० सेकंद स्वस्थ ठेवायचा, मग ३ आरपीएम सुरू करून डायल जास्तीत जास्त कुठपर्यंत गेली ते वाचायचं. पुन्हा ढवळून तेच १० मिनिटांच्या विश्रांतीनंतर. हे करताना डायलकडे बघत राहिलात तर दिसतं की ती आधी सावकाश, एकसारखी चढते. रोटर सेकंदाला १८ अंश फिरतोय आणि मड अजून गोठलेला असल्यामुळे बॉबही त्याच्याबरोबरच फिरतोय. मग एका क्षणी जेल तुटतं, डायल थबकते आणि मागे घसरते. थबकते तिथलं वाचन म्हणजे जेल. अनुभवी डोळा ते अचूक टिपतो.

डिजिटल उपकरणात दोन गोष्टी होतात. वाचन स्थिर दिसावं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये सरासरीचा फिल्टर घातलेला असतो, तो नेमकं हे टोक छाटून टाकतो. आणि स्प्रिंगऐवजी ताठ टॉर्क सेन्सर बसवला की बॉब रोटरबरोबर वळतच नाही. मडवर पहिल्या क्षणापासून पूर्ण कातर-दर पडतो आणि जेल वेगळ्या पद्धतीने तुटतं. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे असतात, फक्त जुळत नाहीत. अशा उपकरणांना प्रयोगशाळेत उत्तम गुण मिळतात, कारण तिथे पडताळणी सिलिकॉन तेलाने होते आणि सिलिकॉन तेल जेल धरत नाही. तेव्हा कच्चा टॉर्क किमान सेकंदाला पन्नासेक वेळा नोंदवा, टोक त्यावरूनच काढा आणि दाखवायच्या आकड्याला वेगळा फिल्टर लावा. हा बदल जवळपास फुकट आहे. तरी करणारे थोडेच.

घनतेकडे येऊ. मड बॅलन्स म्हणजे एका टोकाला कप आणि दांडीवर सरकणारं वजन, इतकं साधं यंत्र. कप भरायचा, झाकण फिरवत बसवायचं, झाकणाच्या भोकातून थोडा मड बाहेर आला पाहिजे, भोकावर बोट ठेवून बाहेरचा मड धुवायचा, पुसायचा, मग वजन सरकवून बुडबुडा मध्यावर आणायचा. वाचन घन सेंटिमीटरला ०.०१ ग्रॅमपर्यंत. ३००० मीटर खोलीवर या ०.०१ चा अर्थ साधारण ०.२९ मेगापास्कल, म्हणजे ४३ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आसपास. बहुतेक विहिरींना इतकी अचूकता पुरते.

पण मडने हवा धरली असेल तर? १.२० घनतेच्या मडमध्ये ५ टक्के हवा अडकली की तराजू १.१४ दाखवतो. तराजूचं काहीच चुकलेलं नाही, कपात जे आहे ते तो प्रामाणिकपणे मोजतोय. विहिरीच्या तळाला मात्र ती हवा दबून नगण्य होते आणि तिथे मड १.२० चाच असतो. आता कुणी १.१४ पाहून बॅराइट घालायला लागला तर ३००० मीटरवर पावणेदोन मेगापास्कल जादा दाब पडेल आणि खडक कमकुवत असला तर मड त्याच्या भेगांत निघून जाईल. म्हणून दाबाखाली मोजणारा बॅलन्स आला. त्यात झाकण बसवल्यावर हातपंपाने आणखी मड आत ढकलतात, हवा दबते आणि खरी घनता मिळते. सेन्सर तोच, तराजूच. बदललं ते फक्त नमुन्याचं रूप. मी सुरुवातीला जे म्हटलं त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. कोरिऑलिस मीटर (कंपणाऱ्या नळीतून जाणाऱ्या द्रवाची घनता मोजणारा) लावणार असाल तरी हाच नियम लागू आहे. मीटर उत्तम असतो, पण शेकरखालून हवा मिसळलेला मड विनादाब त्यात सोडला तर तो हवा धरलेल्या मडचीच घनता तितक्याच इमानाने सांगत बसेल. मीटरच्या आधी पंप आणि नंतर दाब रोखणारा व्हॉल्व्ह, ही जोडी मीटरइतकीच महत्त्वाची.

गाळणीचा प्रश्न थोडा वेगळा आहे. मडमधलं पाणी खडकात किती झिरपतं आणि भिंतीवर कसा केक (घनकणांचा थर) बसतो हे पाहायला फिल्टर प्रेस आली. १०० पीएसआय, ३० मिनिटं, ७.१ चौरस इंचांचा फिल्टर पेपर. आलेलं फिल्ट्रेट (गाळून निघालेलं पाणी) वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणून घाईत असलेला माणूस साडेसात मिनिटांचं वाचन दुप्पट करतो. हे चालतं, पण सुरुवातीला केक बसण्याआधीच भसकन जे निघून जातं ते त्या दुपटीत चुकीचं मोजलं जातं. खोल विहिरींसाठी ५०० पीएसआय फरकाची, सहसा १४९ अंशांवर चालवली जाणारी प्रेस आली. तिच्या सेलचं क्षेत्रफळ निम्मं असतं म्हणून उत्तर दुप्पट करून लिहायचं. दुप्पट करायला विसरलेले अहवाल इतक्या वेळा समोर येतात की उपकरणानेच दुप्पट करून ‘दुरुस्त केलेलं’ असं स्पष्ट लिहावं असं माझं मत झालंय.

मुळात कागद म्हणजे खडक नव्हे. कागदाची छिद्रं बारीक आणि एकसारखी, खडकाची कशीही. म्हणून पुढे सिरॅमिक चकत्यांचं उपकरण आलं, ज्यात हव्या त्या छिद्रमापाची चकती बसवता येते. त्यात चकती वर असते आणि मड खालून वर ढकलला जातो. नेहमीच्या प्रेसमध्ये गाळणारा पृष्ठभाग खाली असल्यामुळे बॅराइट त्यावर बसून केक खोटाच चांगला दिसू शकतो, ते इथे टळतं. कुणीतरी सेल उलटा केला इतकंच, पण विचार बघा.

सुरक्षेचं इथेच सांगून टाकतो, कारण नवखे इथे हमखास दुर्लक्ष करतात. तापवायच्या प्रेसला दाब देण्यासाठी नायट्रस ऑक्साइडची काडतुसं कधीही चालत नाहीत. उष्णता, दाब आणि तेल-ग्रीस एकत्र आलं की स्फोट होऊ शकतो. नायट्रोजन किंवा कार्बन डाय-ऑक्साइड वापरा, आणि चुकीचं काडतूस बसणारच नाही असा सांधा करता आला तर जरूर करा. तसंच व्हिस्कोमीटरचा पोकळ बॉब ९३ अंशांच्या वर वापरायचा नाही. आत ओल अडकलेली असली तर तिची वाफ होऊन तो फुटतो, तिथे भरीव बॉब लागतो. सेलमधला दाब उतरल्याशिवाय झाकण उघडणारच नाही, ही सोय पर्यायी ठेवू नका.

बाकीच्या चाचण्या भराभर घेतो. वाळू २०० मेशच्या जाळीवर आणि काचेच्या नळीत, त्यात सुधारण्यासारखं फार नाही. रिटॉर्टमध्ये मड तापवून तेल, पाणी आणि घनभाग वेगळे करतात. वरच्या कप्प्यात स्टील वूल भरतात ते उकळी येऊन मड वर फेकला गेला तर घनकण अडावेत म्हणून. मिथिलिन ब्लूने मातीचा अंश काढतात. फिल्टर पेपरवर टाकलेल्या थेंबाभोवती निळसर कडं उमटलं की शेवट आला. क्लोराइड, कॅल्शियम आणि अल्कलिनिटी यांची टायट्रेशनं. यातली प्रत्येक चाचणी स्वयंचलित होऊ शकते, पण बहुतेक रिगवर ती दिवसातून मोजक्याच वेळा होते. तिथे यंत्र घालून वाचतं ते थोडंच.

मग स्वयंचलन कुठे करावं? माझी कसोटी अशी: जिथे माणसाचा हात आकड्यात गोंधळ घालतो तिथे यंत्र आणा. जिथे माणसाचा डोळा काहीतरी जादा पाहतो तिथे त्याला काय दिसतं ते आधी नीट समजून घ्या.

पहिल्या प्रकाराचं उत्तम उदाहरण म्हणजे तेलाच्या मडची इलेक्ट्रिकल स्टॅबिलिटी. तेलातले पाण्याचे थेंब किती घट्ट धरलेले आहेत हे पाहण्यासाठी दोन इलेक्ट्रोडमध्ये व्होल्टेज वाढवत न्यायचं आणि विद्युतप्रवाह एकदम कधी वाहू लागतो ते पाहायचं. जुन्या उपकरणात नॉब हाताने फिरवावा लागे. प्रत्येकाचा हात वेगळा, त्यामुळे एकाच मडचे दोन इंजिनिअर दोन आकडे सांगत. आताच्या उपकरणात व्होल्टेज सेकंदाला १५० व्होल्ट या ठरलेल्या गतीने आपोआप चढतं आणि प्रवाह ६१ मायक्रोअँपिअरला पोचला की ते तिथेच थांबून वाचन देतं. हात बाजूला झाला आणि आकडे जुळायला लागले. दुसऱ्या प्रकारात जेलचं टोक येतं, ते वर सांगितलंच. फिल्टर केकही त्यातच. त्याची जाडी यंत्र मोजेल, पण केक चिवट आहे की लोण्यासारखा मऊ, घसरडा आहे की खरखरीत, हे बोटाला कळतं आणि पाइप अडकण्याच्या दृष्टीने तेच जास्त मोलाचं ठरतं.

उच्च दाब-तापमानाच्या व्हिस्कोमीटरमध्ये उतरायचा विचार असेल तर आधी नीट हिशोब करा. ३०,००० पीएसआय आणि ३१५ अंशांपर्यंत जाणारी उपकरणं बाजारात आहेत, म्हणजे दाब सहन करणारा सेल बनवणं हा सुटलेला प्रश्न आहे. न सुटलेला भाग म्हणजे बंद सेलच्या आतला सूक्ष्म टॉर्क बाहेर आणणं. सील वापरलं तर त्याचं घर्षण, चुंबकीय जोड वापरला तर पाइपच्या झिजेतून मडमध्ये आलेले लोखंडाचे कण चुंबकाला जाऊन चिकटतात. परिणाम दोन्हीकडे तोच: ६ आणि ३ आरपीएमची वाचनं, ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला, तीच सगळ्यात अविश्वसनीय. शिवाय लांब चाचणीत बॅराइट सेलच्या तळाला बसतं आणि बॉबभोवती पातळ मड उरतो. वाचन उतरलं की लोक म्हणतात तापमानाने मड बिघडला.

इतका वेळ जे सांगितलं ते एका ओळीत: नरसाळ्याला हात लावू नका, कमी वेगाच्या टोकाला अचूकता द्या, जेलचं टोक हरवू नका आणि हवा नमुन्यातच दाबून टाका. आता राहिली सफाई आणि पडताळणी.

ऑनलाइन उपकरणं मोजमापामुळे बंद पडलेली मी क्वचित पाहिली, ती घाणीमुळे बंद पडतात. मोजून झालं की रोटर आणि बॉबमधल्या एक-सव्वा मिलिमीटरच्या फटीत मड तसाच राहतो, पंप थांबला की जेल धरतो आणि पुढचा नमुना त्याच्यावरून घसरून जातो. मग तासन्‌तास सुरेख स्थिर आकडे येत राहतात, जुन्याच मडचे. कटिंगचा एक चपटा तुकडा फटीत शिरला की संपलंच. गाळणी लावली तर विहिरीतून गळती थांबवायला मुद्दाम घातलेला भरड माल तिच्यावर अडकतो. म्हणून आराखड्यातला निम्मा विचार गाळणी, धुण्याचं चक्र आणि ‘मी अजून स्वच्छ नाही’ हे उपकरणाने स्वतःहून सांगणं यावर खर्च करा. दर धुण्यानंतर पाणी किंवा मूळ तेल यांचं एक वाचन घ्या. ते अपेक्षेप्रमाणे आलं नाही तर पुढचा आकडा दाखवूच नका. पाइप व्हिस्कोमीटर, म्हणजे वेगवेगळ्या व्यासांच्या नळ्यांत दाब किती उतरतो ते मोजणारी पद्धत, या बाबतीत सरस वाटते. फिरणारा भाग नसतो आणि नळी सहज धुता येते. मात्र जेल मोजायला ती पद्धत अवघड. आणि शेकरजवळ बसवायचं असेल तर तो भाग ज्वालाग्राही वायूचा धरला जातो. मोटर, हीटर, स्क्रीन सगळं स्फोटप्रतिबंधक प्रमाणपत्राचं लागेल, आणि ते सुरुवातीपासून धरलं नाही तर शेवटी सगळा आराखडा पुन्हा करावा लागतो.

पडताळणी करताना प्रमाणित तेल हवंच, पण ते पुरेसं नाही हे वर आलंय. खरा मड घ्या, एपीआय १३बी-१ आणि १३बी-२ (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची मड तपासणीची मानकं) यांतल्या पद्धतीप्रमाणे जुन्या उपकरणावर मोजा आणि शेजारीच तुमच्यावर. मोजताना क्रम बदलत राहा: जुनं-नवं, मग नवं-जुनं. कारण मड कपात उभा असतानाही बदलतोय, आणि दरवेळी तुमचंच उपकरण दुसरं आलं तर तो बदल तुमच्या खात्यात जमा होईल. तापमान दोन्हीकडे तेच ठेवा आणि छापील अहवालात ते आकड्याशेजारीच लिहा. रिगवर नमुना घेतला की शक्यतो पाच मिनिटांत, नमुना घेतला तिथल्या तापमानाच्या सहा अंशांच्या आत मोजावा अशी शिफारस आहे. तुमचं उपकरण नमुना नळीतून लांब नेणार असेल तर तो वाटेत किती थंड होतो हे पहिल्याच आठवड्यात मोजून घ्या. कमी घनकणांचा, भरपूर बॅराइटचा, तेलाचा आणि मुद्दाम हवा मिसळलेला, असे किमान चार प्रकारचे मड घेतल्याशिवाय कुणाला काही दाखवू नका.

शेवटी, मी तुमच्या जागी असतो तर कोणतं उपकरण काढलं असतं? ‘सगळं एकात’ तर नक्कीच नाही. त्यातला एक भाग अडला की बाकीचे सगळेही बंद. मी आधी दोनच गोष्टी केल्या असत्या: दाबाखाली घनता, आणि सहा वेगांवर व्हिस्कॉसिटी व जेल मोजून स्वतःला धुऊन घेणारं, ठरलेल्या तापमानावर चालणारं उपकरण. आकडे पास्कलमध्ये हवे तर द्या, पण पहिल्या पडद्यावर जुन्या डायलचे अंश असू द्या, कारण रात्री दोन वाजता कंपनी मॅन (रिगवरचा तेल कंपनीचा प्रतिनिधी) मड इंजिनिअरला ‘सहाशे-तीनशे किती?’ असंच विचारतो. तुमचा मड कोणता आणि उपकरण बसणार कुठे, हे दोन्ही कळवलंत तर टॉर्क सेन्सर आणि पंप यांच्या निवडीवर पुढे नेमकं बोलता येईल.